आंबागडच्या वाटेवरचा समुद्र

तुमसरच्या जुन्या बाजारात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून परसराम पेंटरचं. पूर्ण नाव परसराम गजभिये, पण गावासाठी तो नुसता पेंटर. अख्ख्या तुमसरच्या पाट्या लिहिणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दुकानावर पाटी नव्हती. विचारलं की म्हणायचा, "शिंप्याचा सदरा अन् पेंटरची पाटी, कोन पाहते गा श्यामराव?"

माणूस तोंडाचा कडू होता, हे आधीच सांगून टाकतो. मेलेल्या माणसाला लोक गोड करून सांगतात. परसराम अजून जिवंत आहे, त्यामुळे माझ्यावर तशी सक्ती नाही. गिऱ्हाईकानं काम अर्ध्यावर असताना रंग बदलायला सांगितला की तो ब्रश टर्पेंटाईनच्या डब्यात बुडवायचा आणि म्हणायचा, "मंग तुमीच मारा." पण अक्षर! राइस मिलच्या पत्र्यावर माणसाहून उंच अक्षरं शिडीवर उभं राहून काढायची, खाली उतरून एकदाही मागं न सरकता. उतरून पाहावं तर ओळ सुतात. ‘ळ’ त्याच्यासारखा जिल्ह्यात कोणी काढत नसे. लोक त्याचं बोलणं ऐकून घेत ते त्या ‘ळ’साठी.

त्याचा जन्म करडी गावचा. बाप धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर साप चावून गेला. आई बायजाबाई पोराला घेऊन आंबागडच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका खासगी मँगनीज खाणीवर मजुरीला आली. पुरुष खाली खोदत आणि बाया वर रांगेनं बसून हातोडीनं दगड फोडत. काळा एकीकडे, पांढरा एकीकडे. संध्याकाळी रांग उठली की धुळीनं सगळ्या काळ्या, कोणती बाई कोण, ते आवाजावरून ओळखावं लागे. परसराम तिथंच धुळीत बोटानं रेघा ओढत वाढला. खाणीच्या ट्रकांवर नावं लिहायला एक म्हातारा पेंटर यायचा. त्याच्या मागं लागून तो अक्षर शिकला, आणि सातवीत शाळा सोडली.

त्याचे चांगले दिवस आले जिल्हा फुटला तेव्हा. नव्व्याण्णव साली गोंदिया वेगळं झालं आणि तिकडच्या सगळ्या पाट्या खोट्या ठरल्या. शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती, धानाच्या सोसायट्या. जिथं ‘जिल्हा भंडारा’ होतं तिथं ‘जिल्हा गोंदिया’ लिहायचं. परसराम आणि त्याच्याकडे काम शिकणारा इश्वर, दोघं तिरोड्यापासून देवरीपर्यंत शिड्या घेऊन फिरले. "सरकारनं नकाशावर एक रेघ मारली," परसराम सांगायचा, "अन् आमी दोन वर्षं भंडारा पुसत बसलो." त्या दोन वर्षांत त्यानं पोरीचं, मनालीचं लग्न मोहाडीला केलं. घरावर स्लॅब टाकला. बायको तो स्लॅब पाहून पुढच्याच वर्षी गेली.

मग फ्लेक्स आला. तुमसरातलं पहिलं फ्लेक्सचं दुकान इश्वरनंच काढलं. पेढे घेऊन तो परसरामला उद्घाटनाचं सांगायला आला. मी तिथंच चाकाची हवा पाहत होतो.

"गुरुजी, तुमीच फीत कापाची," इश्वर म्हणाला.

"अक्षर कोन काढन?"

"कॉम्प्युटर काढते."

"अन् तू काय करशीन?"

"मी बटन दाबीन."

परसरामनं पेढा खाल्ला आणि फीतही कापली. त्यानंतर पाहता पाहता त्याची शिडी गंजली. वाढदिवस, बारसं, निवडणूक, तेरवी, सगळं फ्लेक्सवर. परसरामकडे राहिले ट्रकांचे नंबर आणि बुद्धविहाराच्या भिंती. दुकान उघडायचा, बसायचा, बंद करायचा. घरी तो आणि बायजाबाई, दोघंच.

बायजाबाईंचं तेव्हा अवघड झालं होतं. हात थरथरायचे. कपबशी धरली की वाजायची. चालताना टाचा टेकत नसत, कोंबडी चालते तशा चवड्यांवर चालायच्या. सगळ्यात वाईट म्हणजे चेहरा. हसल्या तरी चेहरा हसायचा नाही. बोलणं हळू, एकसुरी. मी ‘कशा आहात माय’ म्हटलं की त्या ‘बरी हावो’ म्हणत, आणि त्यांना राग आलाय की बरं वाटलंय, ते कळायला मार्ग नसे. नागपूरच्या डॉक्टरानं आधी विचारलं, काम काय करत होत्या. ऐकून म्हणाला, ती धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली, डोक्यात बसली, आता निघत नाही. खाणीच्या ऑफिसात परसराम सांगायला गेला तर तिथले लोक म्हणाले, म्हातारपण आहे.

"म्हातारपनच असन," परसराम परत येऊन मला म्हणाला. "फक्त ते तिच्या रांगेतल्या सगळ्या बायांले एकाच तऱ्हेनं आलं."

त्यामुळे सुगत रामटेके त्याच्या दुकानात आला तेव्हा मला वाटलं, आता भांडण होणार. सुगत भंडाऱ्याचा पोरगा, नागपूरला भूशास्त्र शिकला आणि त्याच खाणीवर कंत्राटावर लागलेला. आंबागडचा किल्ला पाहायला येणारे लोक थांबावेत म्हणून खाणवाल्यांनी त्या रस्त्याला एक माहिती केंद्र बांधलं होतं, गोल दालनाचं. आतल्या लांब भिंतीवर त्यांना चित्र हवं होतं, इथली जमीन कशी झाली त्याचं. भिंत वळणाची, फ्लेक्सला सुरकुत्या पडल्या असत्या. म्हणून पेंटर.

"त्या खाणीचं काम मी नाही करत," परसरामनं मान वर न करता सांगितलं.

सुगत उठला नाही. म्हणाला, "काका, माझी आजीबी त्याच रांगेत बसायची. ती गेली तेव्हा मी शाळेत होतो. तो दगड तिथं कुठून आला, हे तिला कधी कोणी सांगितलं नाही. मला तेवढं भिंतीवर पाहिजे."

परसरामनं घरी जाऊन आईला विचारलं. बायजाबाई म्हणाल्या, "पाहून तं ये."

दुसऱ्या दिवशी मीच त्याला मोटरसायकलवर बसवून नेलं. सुगत आम्हाला एका जुन्या, बंद पडलेल्या खड्ड्यात घेऊन गेला. तळाला हिरवं पाणी साचलेलं, वर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला दगड, आणि त्या दगडात काळा पट्टा, कुठं हातभर, कुठं माणसाएवढा, घोंगडी चुरगळून टाकावी तसा दुमडलेला. सुगतनं पट्ट्यावर हात ठेवला.

"काका, हा समुद्राचा तळ आहे."

"इथी कोनता समुद्र?"

"इथंच. दीडशे-दोनशे कोटी वर्षांपूर्वी. नक्की आकड्यावरून आमच्यातच भांडणं आहेत. उथळ समुद्र होता. मँगनीज पाण्यात विरघळलेलं होतं, मीठ असतं तसं. खोल पाण्यात प्राणवायू नव्हता, तिथं ते तसंच राहायचं. किनाऱ्याकडं आलं, प्राणवायू लागला, की काळं होऊन खाली बसायचं. थरावर थर. वरून गाळ आला. मग जमीन जमिनीवर रेटली, दाब आला, उष्णता आली. त्यातून हा दगड."

परसराम पट्ट्यापाशी गेला, नखानं खरवडून पाहिलं, नख काळं झालं. मग त्यानं पेंटरचे प्रश्न सुरू केले.

"किनाऱ्यावर झाडं कोनती काढू? आपला मोह का ताडासारखी?"

"झाडं नव्हती."

"गवत?"

"गवतही नाही. मातीच नव्हती म्हणा. उघडा खडक आणि वाळू. पाऊस पडला की सरळ वाहून जायचा, त्याला अडवायला एक मूळ नव्हतं. नद्यांना धड काठ नव्हते, सांडलेल्या पाण्यासारख्या पसरून वाहायच्या."

"मासे तं असतीन."

"नाही."

"शिंपला, किडा, मुंगी?"

"डोळ्यानं दिसेल असा एकही प्राणी नव्हता, काका. फक्त चिकट साय. उन्हाळ्यात तलाव आटला की काठाला धरते ना, तशी. हिरवट, जांभळट. कुठं कुठं ती साय वाढत वाढत दगडी उशीसारखे उंचवटे झाले होते. एवढंच काय ते जिवंत. आणि प्राणवायू तिनंच सोडला. आज आपण श्वास घेतो त्याची सुरुवात तिची. पण तेव्हा तो इतका थोडा होता, की आपण तिथं उभे राहिलो असतो तर लगेच गुदमरून पडलो असतो."

परसरामनं खड्ड्यातल्या पाण्याकडं पाहिलं. "अन् आवाज कायचा होता?"

"वाऱ्याचा," सुगत म्हणाला. "पाण्याचा. कुठं वीज पडली, ज्वालामुखी फुटला, तर त्याचा."

"ऐकाले कोनी नाही."

"कोणी नाही."

परतताना परसराम मागं बसून काळं झालेलं नख पाहत होता. तुमसर आल्यावर म्हणाला, "श्यामराव, जिंदगीत पहिल्यांदा असं गिऱ्हाईक भेटलं. चित्रात बाई नाही पायजे, नेता नाही पायजे, कमळाचं फूल नाही पायजे."

होळी झाल्यावर त्यानं काम धरलं. भिंत घासली, पुट्टी भरली, प्रायमर मारला, आणि मग कितीतरी दिवस नुसता भिंतीसमोर बसून राहिला. माणूस काढणं, बैल काढणं त्याच्या हातात होतं. काहीच नसलेलं कसं काढायचं? दोनदा आकाश मारलं आणि दोनदा खरवडलं. पहिलं आपल्या तलावावरच्या आकाशासारखं दिसत होतं. "यात बगळा उडाले पायजे असं वाटते," तो म्हणाला. सुगत संध्याकाळी यायचा आणि सांगायचा, की आकाश कसं होतं ते खात्रीनं कोणालाच माहीत नाही, धुरकट असावं. सूर्य आजच्याहून थोडा मंद होता, दिवस लहान होता, पृथ्वी जोरात फिरत होती. चंद्र जवळ होता म्हटल्यावर परसरामनं परातीएवढा चंद्र काढला. सुगत हसला. "एवढा नाही काका. पाहणाऱ्याला फरक कळला पाहिजे, पण बोट दाखवता आलं नाही पाहिजे." परसरामला ते वाक्य फार पटलं. त्यानं चंद्र पुसून पुन्हा काढला.

काळ्यासाठी त्यानं डब्यातला रंग वापरला नाही. खाणीवरून दगड आणला, तोंडाला ओलं फडकं बांधून खलात कुटला, आणि जवसाच्या तेलात घोटला. तो रंग भराभर सुकायचा, सारखा घोटत बसावा लागे. पण भिंतीवर आल्यावर तो काळा वेगळाच होता. त्यात निळं होतं, करडं होतं, आणि तिरपं पाहिलं की कुठंतरी लालसर होतं. पाण्याच्या खाली, अगदी तळाशी, त्यानं तो बसवत नेला.

उन्हाळा संपेपर्यंत भिंत पूर्ण झाली. मी पाहायला गेलो. एका टोकाला उजाडत होतं, दुसऱ्या टोकाला पाऊस कोसळत होता आणि उघड्या खडकावरून पाणी हजार धारांनी उतरत होतं. मधे समुद्र, सपाट, हिरवट, तेलकट. काठाला जांभळी साय आणि ते उशीसारखे उंचवटे. दुसरं काही नाही. मी डावीकडून उजवीकडं गेलो, परत आलो. कुठंतरी एखादं पाखरू असेल म्हणून नजर शोधत राहिली. मग मला बाहेर जाऊन चिंचेच्या झाडाखाली उभं राहावंसं वाटलं. तसं मी त्याला सांगितलं.

"मंग बराबर झालं," परसराम म्हणाला. इतकी वर्षं शेजारी बसलो, त्याच्या तोंडावर असं समाधान मी तेव्हाच पाहिलं.

उद्घाटनाच्या आधी त्यानं आईला ऑटोत घालून आणलं. दोघांनी दोन बाजूंनी धरून आम्ही त्यांना आत नेलं. बायजाबाई चवड्यांवर चालत भिंतीपाशी गेल्या. बराच वेळ पाहिलं. चेहरा दगडासारखा, त्यामुळे काय वाटतंय कळेना.

"बाया कुठी बसल्या?" त्यांनी विचारलं.

"बाया नाही माय. कोनीच नाही यात. मानूस नव्हता तवा."

"मंग दगड कोनं फोडले?"

"दगड अजून व्हाचाच होता. हे पाह्य, खाली बसून राहिला."

बायजाबाईंनी थरथरता हात पुढं केला. काळ्या पट्ट्यावर बोटं टेकली, आणि नाकाशी नेऊन वास घेतला. तेलाचा वास असावा, पण त्या म्हणाल्या, "हाव. तोच हाये." मग परत भिंतीकडं पाहून म्हणाल्या, "तिथीच राहू देयाचा होता."

ऑटोत बसवताना परसरामनं आईचे पाय उचलून आत ठेवले.

उद्घाटनाला एक पुढारी आले होते, खाणीचे मॅनेजर होते, दोन शाळांची पोरं रांगेनं उभी होती. परसराम धुतलेला पांढरा शर्ट घालून कोपऱ्यात उभा होता. पुढाऱ्यांनी फीत कापली, आत आले, भिंतीसमोर थांबले.

"छान. म्हणजे काम अजून बाकी आहे?"

"पूर्ण झालंय सर," सुगत म्हणाला.

"पूर्ण? यात तर काहीच नाही."

सुगत सांगू लागला: हा काळ कोणता, समुद्र कसा होता, हे उंचवटे काय आहेत, प्राणवायू कुठून आला. त्यानं चांगलं सांगितलं. पण पुढाऱ्यांना पुढं एका लग्नाला जायचं होतं, आणि पोरं चुळबुळ करत होती. तेवढ्यात रांगेतून एका पोरानं विचारलं, "सर, डायनोसॉर कुठं आहे?"

सगळे हसले. पुढारी सगळ्यात मोठ्यानं. "बघा! पब्लिकला काय पाहिजे ते पोराला कळतं." मॅनेजरांच्या खांद्यावर हात टाकून ते बाहेर पडले.

"डायनोसॉर याच्यानंतर कोटी कोटी वर्षांनी आले," सुगत मागून म्हणाला. ऐकायला परसराम आणि मी होतो.

आठवडा गेला नसेल, सुगत दुकानात आला. या वेळी तो बसला नाही. चावीशी खेळत उभा राहिला.

"काका, मॅनेजर म्हणतात, दोन-चार डायनोसॉर टाकून द्या. मागं थोडी झाडं. भिंत खराब करायची नाही, पुढच्या भागातच."

परसराम ट्रकच्या नंबरप्लेटवर आकडा काढत होता. तो पूर्ण केला.

"तुमीच सांगतलं ना, कोनी नव्हतं म्हनून?"

"सांगितलं."

"मंग आता आले का?"

"काका, माझं कंत्राट या महिन्यात संपतंय. सही त्यांच्या हातात आहे. मी बोललो त्यांच्याशी. ते म्हणाले, शास्त्र पुस्तकात ठेव." सुगतनं चावी खिशात घातली. "एक भिंतच आहे ना शेवटी."

परसरामनं ब्रश टर्पेंटाईनच्या डब्यात बुडवला. मला वाटलं आता त्याचं नेहमीचं वाक्य येणार, पण ते आलं नाही. "जा बापा," तो म्हणाला. "तुयी नोकरी सांभाळ. माया हातानं नाही होनार."

मग काम इश्वरकडं गेलं. त्यानं वळणाच्या भिंतीवर लाकडी चौकटी ठोकून त्यावर फ्लेक्स ताणायचं ठरवलं. कळल्यावर परसराम मला म्हणाला, "चालतोस का?" मी नको म्हटलं. तो म्हणाला, "मी सायकलनं जाईन मंग." म्हणून मला जावं लागलं.

आम्ही पोचलो तेव्हा ड्रिल मशीन चालू होती. भिंतीत भोकं पडत होती आणि प्रत्येक भोकातून आधी रंगाचा, मग पुट्टीचा, मग विटेचा भुगा खाली पडत होता. इश्वर परसरामला पाहून गोरामोरा झाला.

"गुरुजी, मी नाही केलं तं दुसरा करन."

"हाव ना. कर."

फ्लेक्स वर चढला. हिरवंगार जंगल, ताडासारखी झाडं, एक लांब मानेचा, एक जबडा उघडलेला, मागं धूर ओकणारा डोंगर. कुठूनतरी उचललेलं चित्र होतं; ताणून मोठं केल्यामुळे त्यांचे डोळे चौकोनी चौकोनी दिसत होते. वर लाल अक्षरांत ‘प्राचीन भंडारा’. इश्वरची माणसं खिळे मारू लागली. परसराम दारात उभा राहून पाहत होता. दोन बाजू ठोकून झाल्या तेव्हा तो पुढं झाला. मी घाबरून त्याचा दंड धरला. त्यानं माझा हात सोडवला आणि भिंतीकडं बोट केलं.

"इश्वर, डाव्या हाताले खाली उतरलं हाये ते. लेव्हल पाह्य."

इश्वरनं मागं सरकून पाहिलं. खरंच तिरकं होतं. त्यानं खिळे उपटले, कोपरा उचलून पुन्हा ठोकला. "आता, गुरुजी?"

"आता बराबर."

येताना परसराम माझ्या मागं बसला होता. वाटेत एका ठिकाणी तो थांब म्हणाला. उतरून चपला झटकल्या, भिंतीचा भुगा रस्त्यावर पडला. पुन्हा घातल्या आणि परत बसला.

सुगतच्या कंत्राटावर सही झालीच नाही. तो ओडिशाकडं कुठल्यातरी खाणीवर गेला. जाताना परसरामला भेटायला आला नाही. भेटायचं तोंड नव्हतं असं मी समजतो, परसराम म्हणतो वेळ मिळाला नसेल. पावसाळ्यात फ्लेक्स आणि भिंतीच्या मधल्या पोकळीत ओल धरली. केंद्राचा चौकीदार माझं गिऱ्हाईक होता. तो सांगायचा, झाडताना फ्लेक्सच्या खालून रंगाच्या पापुद्र्यांचा ढीग निघतो, निळे, हिरवे, जांभळे. सुपली भरून बाहेर टाकतो. हे मी परसरामला सांगितलं नाही. त्याला दुसऱ्या कोणी तरी सांगितलं असेल.

बायजाबाई त्या हिवाळ्यात गेल्या. शेवटच्या अंघोळीला नेलं तेव्हा त्यांचे हात पहिल्यांदा स्थिर होते. त्रिशरण-पंचशील झालं, लोक उठले, आणि परसराम तिथंच बसून त्या हातांकडं पाहत राहिला. खाणीवरून कोणी आलं नव्हतं. त्यांच्या रांगेतली एकच म्हातारी उरली होती, तिला उचलून आणलं होतं. तिचा चेहराही तसाच होता. ती रडली का नाही, ते कोणाला सांगता आलं नाही.

पुढं परसरामनं दुकान सोडलं. त्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. त्याला एका राइस मिलमध्ये काम लागलं, तांदळाच्या पोत्यांवर ठप्पे मारायचं. कापलेला पत्रा पोत्यावर ठेवायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, पत्रा उचलायचा. अक्षर आधीच कापलेलं असतं. "बटन दाबल्यासारखंच हाये," तो म्हणतो.

गेल्या दिवाळीत मनाली पोरीला घेऊन आली होती. पोरगी प्रतिक्षा, पाचवीत. मी फराळाला गेलो तेव्हा ती आजोबाच्या पुढ्यात चित्रकलेची वही उघडून बसली होती. त्यांच्या शाळेची सहल आंबागडला गेली होती, आणि बाईंनी सुट्टीचा अभ्यास दिला होता: माहिती केंद्रात काय पाहिलं त्याचं चित्र काढा.

"आजोबा, तुमाले डायनोसॉर येते का काढता?"

"येते."

"आमच्या बाई म्हनते, ते इथीच राहत होते. आपल्या भंडाऱ्यात. आंबागडले. होते ना?"

परसरामनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा सांगणार. खड्डा, समुद्र, साय, सगळं. मनाली स्वयंपाकघरातून चिवड्याची ताटली घेऊन आली, ठेवून गेली. पोरगी पेन्सिल पुढं करून वाट पाहत होती.

"होते," परसराम म्हणाला.

"कोनत्या रंगाचे?"

"हिरवे. आन इकडे वही."

त्यानं काढला. लांब मानेचा, पोट जमिनीला टेकलेलं, शेपटीला सुंदर वळण. एकदाही खोडलं नाही. पोरगी टाळ्या वाजवत आईला दाखवायला पळाली. ती आत गेल्यावर मी हळू आवाजात विचारलं, "खरं काहून नाही सांगतलंस गा?"

"बाई मार्क कापन ना तिचे," तो म्हणाला, आणि चिवड्यातले शेंगदाणे बाजूला वेचू लागला. त्याला आता ते चावत नाहीत.

शाळा उघडल्यावर मनालीचा फोन आला, की प्रतिक्षाचं चित्र वर्गात भिंतीवर लावलं. परसराम तेव्हा मिलमध्ये होता, मी काही कामानं तिथं गेलो होतो. त्यानं ऐकलं, फोन खिशात ठेवला, आणि पुढचं पोतं ओढून त्यावर पत्रा ठेवला.